टायमिंग लावण्याआधी

गॅरेजमध्ये गाडी येते ती बहुतेक वेळा निदान सोबत घेऊनच. "मिस्त्री, टायमिंग बघा जरा, पिकअप गेलाय." पिकअप गेला, ॲव्हरेज पडलं, चढाला गाडी मान टाकते, सकाळी पहिल्या किल्लीला उचलत नाही, इंजिन तापतं, मालकाच्या लेखी या सगळ्याचं मूळ टायमिंगमध्ये. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात पेट्रोल गाड्यांची कामं करण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली आणि त्यातला फार मोठा भाग या एका शब्दाभोवती गेला. आज मागे बघताना वाटतं, टायमिंग कसं लावायचं हे मी लवकर शिकलो. ते कधी लावायचं नाही, हे शिकायला फार वेळ लागला.

माझे वस्ताद जुन्या पिढीतले. प्रीमियर पद्मिनी, ॲम्बॅसडर, कॉन्टेसा यांवर त्यांचा हात बसलेला. इंजिन चालू ठेवून डिस्ट्रीब्युटरचा बोल्ट सैल करायचे, बॉडी मुठीत धरून हलकेच फिरवायचे. इंजिनाचा आवाज चढत जायचा. तो चढायचा थांबला की तिथून किंचित मागे घेऊन बोल्ट आवळायचे आणि गाडी वाघबिळावरून पन्हाळ्याला घालायचे. तिसऱ्या गिअरमध्ये, चढावर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून. कपारीच्या बाजूची काच खाली केलेली असायची, कारण डोंगराच्या भिंतीवरून आवाज परत येतो आणि इंजिनात खडखड होत असेल तर ती आधी तिकडून ऐकू येते. एखाद्या क्षणापुरती पुसटशी खडखड ऐकू आली आणि लगेच गेली, तर टायमिंग बरोबर. खडखड टिकली तर खाली उतरून थोडं मागे. त्यांच्या कानाबद्दल मला आजही आदर आहे. त्या इंजिनांना ती पद्धत बरोबर होती, कारण ठिणगी पुढेमागे करणारी सगळी यंत्रणा त्या डिस्ट्रीब्युटरच्याच पोटात असायची: वेग वाढला की बाहेर फेकली जाणारी वजनं आणि व्हॅक्यूमवर चालणारी डबी. डिस्ट्रीब्युटर फिरवला की सगळंच्या सगळं फिरायचं.

मग इंजेक्शनच्या गाड्या आल्या. 1999 साली सुप्रीम कोर्टानं दिल्ली परिसरासाठी युरो नियमांच्या तारखा ठरवून दिल्या, 2000 च्या फेब्रुवारीपासून देशभर शिसंविरहित पेट्रोल सुरू झालं आणि बघता बघता बॉनेटखालून कार्ब्युरेटर गेला. पण डिस्ट्रीब्युटर लगेच गेला नाही. काही वर्षं अशा गाड्या आल्या ज्यांत कॉम्प्युटरही होता आणि हातानं फिरवता येणारा डिस्ट्रीब्युटरही होता. पहिली होंडा सिटी तशी, सिएलो तशी, सुझुकीच्या घराण्यातल्या काही गाड्या तशा. पुढे प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल आली, फ्लायव्हीलच्या दातांवरून सेन्सर वेळ मोजू लागला आणि हातानं लावायचं टायमिंग संपलं. मधल्या त्या गाड्यांनी मला जे शिकवलं, ते आधीच्या किंवा नंतरच्या गाड्यांनी शिकवलं नसतं.

टायमिंग म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. पिस्टन वर येऊन मिश्रण दाबतो आणि प्लगला ठिणगी पडते. पण मिश्रण एका झटक्यात जळत नाही, त्याला वेळ लागतो. हिशेबापुरते दोन मिलिसेकंद धरू. सिलिंडरमधला सगळ्यात जास्त दाब पिस्टन टीडीसी, म्हणजे अगदी वरचं टोक, ओलांडून साधारण 15 अंश खाली गेल्यावर यावा, म्हणजे तो पिस्टनला नीट ढकलतो. तो त्याआधीच आला तर वर येणाऱ्या पिस्टनलाच उलटा मार बसतो. उशिरा आला तर खाली पळणाऱ्या पिस्टनच्या मागे दाब वाया जातो आणि उष्णता सायलेन्सरकडे जाते. आता आयडलवर इंजिन मिनिटाला 800 फेरे घेतं, तेव्हा एका फेऱ्याला 75 मिलिसेकंद लागतात. दोन मिलिसेकंदांत क्रँक जेमतेम 10 अंश फिरतो. तेच 3000 फेऱ्यांना दोन मिलिसेकंदांत 36 अंश होतात. प्रत्यक्षात वेगाबरोबर सिलिंडरमधली घुसळण वाढते आणि मिश्रण थोडं लवकर जळतं, पण दिशा हीच: वेग जितका जास्त तितकी ठिणगी आधी हवी. त्यात इंजिनावर ताण किती, ते गार की गरम, हे सगळं मिळवायचं. पूर्वी हा हिशेब दोन वजनं आणि एक डबी ढोबळमानानं करत. कॉम्प्युटर आल्यावर तोच हिशेब तक्त्यात बसला आणि सेकंदाला कितीतरी वेळा होऊ लागला.

मग डिस्ट्रीब्युटर फिरवल्यानं काय बदलतं? अशा गाड्यांत क्रँक कुठं आहे हे कॉम्प्युटरला सांगणारा सेन्सर डिस्ट्रीब्युटरच्या आतच असतो. बॉडी फिरवली की ठिणगीचा तक्ता बदलत नाही, तक्ता जिथून मोजला जातो ती सुरुवात सरकते. आणि डिस्ट्रीब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरत असल्यामुळे बॉडी एक अंश फिरवली की टायमिंग दोन अंश सरकतं. बोटभर हलवलं तरी फार झालं.

सुरुवातीला आम्हा सगळ्यांनाच एक कोडं पडायचं. टायमिंग लाइट, म्हणजे ठिणगीबरोबर चमकणारा दिवा, पहिल्या नंबरच्या प्लगच्या वायरला लावून क्रँकच्या पुलीवर मारला, तर खूण एका जागी उभी राहायची नाही. पुढेमागे नाचायची. डिस्ट्रीब्युटर पुढे घेतला की क्षणभर सरकायची आणि पुन्हा जवळपास जुन्या जागी यायची. तेव्हा शारजात टोयोटाच्या गाड्यांवर बरीच वर्षं काम करून परतलेला चिपळूणचा एक मित्र गॅरेजवर आला होता. त्यानं थोडा वेळ बघितलं आणि विचारलं, "कॉम्प्युटर गप्प केलास का आधी?"

"म्हणजे?"

"अरे, तू फिरवतोयस आणि तोही फिरवतोय. दोघं एकाच वेळी बोलायला लागले तर खूण कुणाची ऐकणार?"

शारजात टोयोटाच्या चौकोनी डब्यातल्या टीई-वन आणि ई-वन या दोन पिनांमध्ये वायरीचा तुकडा घालायचे, तो त्यानं सांगितलेला प्रकार माझ्या कामातलं सगळ्यात मोठं वळण ठरला. प्रत्येक कंपनीची जागा वेगळी: सिएलोत डायग्नोसिस कनेक्टरच्या ए आणि बी पिना, होंडात डॅशबोर्डखालची दोन पिनांची छोटी जोडणी, सुझुकीत टेस्ट टर्मिनल अर्थला जोडायचं. काम मात्र एकच. ती जोडणी झाली की कॉम्प्युटर आपली सगळी भर बाजूला ठेवतो आणि ठिणगी केवळ सेन्सरच्या ठरलेल्या जागी टाकतो. खूण पुलीवर स्थिर उभी राहते. बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेला अंश याच स्थितीत मोजायचा असतो.

तसं न करता फिरवलं तर काय होतं, ते मी दुसरीकडून आलेल्या गाड्यांत पुष्कळ पाहिलं. आयडलवर फेरे स्थिर ठेवायला कॉम्प्युटर हवेच्या व्हॉल्व्हबरोबर टायमिंगही वापरतो. मेकॅनिकनं पुढे घेतलं, फेरे वाढले. ते खाली आणायला कॉम्प्युटरनं टायमिंग मागे खेचलं. मेकॅनिकला खूण होती तिथंच दिसली, म्हणून त्यानं आणखी पुढे घेतलं. आयडलवर सगळं छान दिसतं. पण रस्त्यावर निघाल्यावर कॉम्प्युटर आयडलची ती दुरुस्ती सोडतो आणि आपला तक्ता वापरतो. तो सगळा तक्ता आता पाच-सहा अंश पुढे सरकलेला असतो. त्या काळच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत नॉक सेन्सर नव्हता, त्यामुळे खडखड ऐकून मागे येण्याची सोयही कॉम्प्युटरकडे नव्हती. मालकाला महिनाभर गाडी चपळ वाटते. मग उन्हाळा येतो, चार माणसं आणि सामान घेऊन आंबा घाट चढायचा असतो.

म्हणून माझ्याकडे क्रम ठरून गेला. इंजिन पूर्ण गरम, पंखा एकदा लागून बंद झालेला, एसी बंद, दिवे बंद, आयडल बरोबर. पुलीवरची खूण कापडानं पुसून तिच्यावर व्हाइटनरचा पातळ ठिपका. मग जोडणी. खूण थांबली नाही तर डिस्ट्रीब्युटरला हात लावायचा नाही. आधी कॉम्प्युटर गप्प का होत नाही ते शोधायचं. कित्येकदा थ्रॉटल बंद आहे हेच त्याला कळलेलं नसतं. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर खोटं सांगत असेल तर इंजिन गरम झालंय हे कळत नाही. साध्या मीटरवर तो तपासता येतो: गार इंजिनावर दोन-तीन हजार ओहम, 80 अंशांना तीनशेच्या आसपास. आणि काम झाल्यावर जोडणी काढून पुन्हा लाइट मारायचा. खूण आता सरकली पाहिजे. सरकली नाही तर कॉम्प्युटर ठिणगीवर काम करतच नाही, आणि तो वेगळाच आजार.

गडहिंग्लजकडच्या एका शिक्षकांची गाडी मी कधी विसरणार नाही. शनिवार-रविवार कोल्हापूरला ये-जा, बाकी गाडी घरी. टायमिंग बेल्ट, म्हणजे क्रँकवरून व्हॉल्व्हचा कॅम फिरवणारा पट्टा, दुसरीकडे बदलून घेतल्यापासून खालच्या वेगात गाडीला ओढ नव्हती. वरच्या फेऱ्यांना बरी चालायची. त्यानंतर दोन-तीन ठिकाणी दाखवून झालं होतं. प्लग नवे, वायरी नव्या, पेट्रोल फिल्टर नवा. सगळीकडे टायमिंग तपासलेलं. मीही जोडणी करून लाइट मारला, तर खूण स्टिकरवरच्या आकड्यावर अगदी नेमकी.

बोल्ट सैल करण्याआधी मी बॅटरी घेऊन डिस्ट्रीब्युटरच्या कडेला वाकून बघितलं. बॉडीला बोल्टसाठी लांबट खाच असते, तिच्यात पुढेमागे सरकायला जागा असते. खाचेच्या मध्यावर, तेलकट काळपट थरात, एक चकचकीत चंद्रकोर दिसत होती: बोल्टच्या वॉशरनं वर्षानुवर्षं दाबून ठेवलेली जागा. गाडी कारखान्यातून आली तेव्हापासून बोल्ट तिथं होता. आता तो खाचेच्या पार टोकाला जाऊन टेकला होता. टायमिंग बरोबर दिसावं म्हणून कुणाला तरी तिथपर्यंत जावं लागलं होतं.

"सर, इग्निशन बरोबर आहे," मी म्हटलं. "पण ते बरोबर यायला इतकं का फिरवावं लागलं, ते बघायला पाहिजे."

व्हॅक्यूम गेज लावला. काटा हलत नव्हता, पण निरोगी इंजिनाच्या मानानं बराच खाली. बेल्टचं कव्हर काढलं, पुलीची खूण टीडीसीला आणली. कॅमच्या चाकावरची खूण एक दात मागे. क्रँकच्या चाकाला वीस दात धरले तर एक दात म्हणजे 18 अंश. डिस्ट्रीब्युटर कॅमच्या टोकावरून फिरतो, म्हणून व्हॉल्व्हबरोबर ठिणगीही तेवढीच उशिरा गेली होती. पुढच्या मेकॅनिकनं लाइट मारला, ठिणगी उशिरा दिसली, डिस्ट्रीब्युटर फिरवून ती जागेवर आणली. व्हॉल्व्ह होते तिथंच राहिले. त्यानंतर ज्यानं ज्यानं लाइट मारला त्याला सगळं ठीक दिसलं, कारण बिघाडाची एकमेव खूण आधीच पुसली गेली होती.

बेल्ट जागेवर बसवला, बोल्ट त्या चंद्रकोरीवर आणला, आणि लाइट मारला तेव्हा खूण जवळपास आकड्यावरच होती. त्या दिवसापासून मी प्रत्येक गाडीत आधी खाच बघतो. बोल्ट कुठं आहे, पूर्वी कुठं होता, मधल्या काळात कितींनी हात लावला, हे त्या दोन बोटं जागेत लिहिलेलं असतं. आणि ज्या गाडीचा डिस्ट्रीब्युटर टोकाला गेलाय तिचं टायमिंग मी लावत नाही. तो तिथं का गेला ते शोधतो.

पुलीचीही अशीच गोष्ट. काही गाड्यांत क्रँकची पुली दोन भागांची असते, आतला गाभा आणि बाहेरची कडी, मध्ये कंपनं खाणारं रबर. वर्षं गेली की रबर सुटतं आणि कडी गाभ्यावर हळूहळू घसरते. खूण मात्र कडीवर असते. अशा गाडीचं टायमिंग लाइटनं कितीही जपून लावा, तुम्ही चुकीच्या खुणेला बरोबर करता. शंका आली की मी पहिला प्लग काढून तिथं पिस्टन अडवणारा तुकडा बसवतो, हातानं इंजिन एका बाजूला टेकेपर्यंत फिरवून पुलीवर रेघ मारतो, मग दुसऱ्या बाजूनं फिरवून दुसरी. दोन्ही रेघांच्या बरोबर मधोमध खरा टीडीसी. कामाला वेळ लागतो, पण त्याला पर्याय नाही.

मग सीएनजी आला. सीएनजी पेट्रोलपेक्षा हळू जळतो, त्याला ठिणगी आधी लागते. किट बसवणारे काही जण सरळ डिस्ट्रीब्युटर पुढे फिरवून द्यायचे. सीएनजीवर गाडी छान, पण टाकी संपून पेट्रोलवर आली की चढाला खडखड. त्यासाठी वेगळा ॲडव्हान्स प्रोसेसर मिळतो; तो सेन्सरच्या वायरीत बसतो आणि फक्त गॅसवर असताना ठिणगी पुढे घेतो. तो बसवायचे पैसे वाचवण्यासाठी पिस्टन पणाला लावलेली माणसं मी पाहिली आणि त्यांना समजावण्यात कमी पडलो असं वाटत नाही. पिस्टन फुटेपर्यंत तो दिसत नाही, पैसे मात्र आज द्यायचे असतात.

खडखडीचं दुसरं कारण पेट्रोलच असायचं. नव्वदच्या दशकात आपल्याकडे साधं पेट्रोल 87 ऑक्टेनचं, त्यात रॉकेलची भेसळ. ऑक्टेन आणखी खाली जायचं. मालकाला आवाज बंद हवा असतो आणि टायमिंग चार अंश मागे घेतलं की तो बंद होतो. पाच मिनिटांचं काम, मालक खूश. पण ओढ जाते, सायलेन्सरकडची उष्णता वाढते आणि भेसळीचं पेट्रोल टाकीत तसंच राहतं. मी आधी फिल्टर पेपरवर थेंब टाकून बघायचो. शुद्ध पेट्रोल उडून जातं, डाग राहत नाही. डाग राहिला की टाकी रिकामी करायला सांगायचो. लोकांना ते पटायचं नाही. 2011 च्या जानेवारीत मनमाडजवळ भेसळखोरांनी अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळलं, तेव्हा या धंद्याच्या मुळाशी काय आहे ते सगळ्यांना दिसलं. त्या खडखडीशी रोज गाठ पडणाऱ्या आम्हा लोकांना ती बातमी फार जवळून लागली.

पैशाचीही एक अडचण सांगितली पाहिजे. पार्ट बदलला की लोक बिल देतात. अर्धा दिवस तपासून "टायमिंग बरोबर आहे, हात लावला नाही" असं सांगितलं की देत नाहीत. म्हणून कित्येक मेकॅनिक काहीतरी फिरवून दाखवतात. मी तपासणीचे पैसे वेगळे लावायला सुरुवात केली तेव्हा काही गिऱ्हाइकं तुटली. राहिली ती मात्र अजून आहेत.

वस्तादांचा कान मात्र मी सोडला नाही. लाइट, मीटर, स्कॅनर सगळं झाल्यावरही गाडी वाघबिळाला नेतोच. फरक इतकाच की त्यांच्या वेळी कानावर निकाल व्हायचा आणि मी तिथून परत येऊन पुढचा प्रश्न विचारतो: खडखड असेल तर पेट्रोल, कार्बन, पाण्याचं तापमान, पातळ मिश्रण, यातलं काय?

आता डिस्ट्रीब्युटरच्या गाड्या थोड्याच उरल्यात. आतला सेन्सर गेला तर नवा मिळणं कठीण; भंगारातल्या गाड्यांचे काढून ठेवावे लागतात. पण ज्यांनी त्या जपल्यात ते हल्ली एकच प्रश्न घेऊन येतात. पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, त्याचं ऑक्टेन 95. "मिस्त्री, ऑक्टेन वाढलंय तर टायमिंग दोन-तीन अंश पुढे घेऊया की."

मी नको म्हणतो. कॉम्प्युटरचा तक्ता ज्या पेट्रोलसाठी आखला, त्याला एका भागाला साधारण 14.7 भाग हवा लागायची; वीस टक्के इथेनॉलला साडेतेराच्या आसपास पुरते. म्हणजे पूर्वीइतकंच इंधन सोडलं तर मिश्रण पातळ. ऑक्सिजन सेन्सर शाबूत असेल तर कॉम्प्युटर इंधन वाढवून ते सांभाळतो, तेही एका मर्यादेपर्यंतच. वीस-पंचवीस वर्षं जुना, मेलेला सेन्सर असेल तर कशानं सांभाळणार? तेव्हा आधी सेन्सर, मग फिल्टर, मग पेट्रोलचे होज. टायमिंग स्टिकरवर लिहिलंय तिथंच. जुन्या रबरावर इथेनॉलचा परिणाम होतो, त्याची हमी मी कुणालाही देत नाही. होज सगळे बदलून घ्या आणि दर सहा महिन्यांनी बॉनेट उघडून दाखवून जा, एवढं सांगतो.